दीडपट पाऊस

चिखलीत पाऊस जास्त पडतो, असं त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर सालापासून पंचक्रोशीत सगळे म्हणायला लागले. शेजारच्या गावांना वीस मिलिमीटर असेल त्या दिवशी चिखलीला तीस, असं सरकारी कागदावरच यायचं म्हटल्यावर वाद कोण घालणार? गावकरी तर त्याची फुशारकीच मारत. एका कारखानदारानं चिखलीच्या शिवारात शेड टाकताना आधी पावसाचे आकडे मागवले आणि घाबरून जोतं दोन फूट वर घेतलं. गवंड्यांची चंगळ झाली. हा जास्तीचा पाऊस आभाळातून पडत नव्हता, तो इनायत मुलाण्याच्या हातातल्या काचेच्या मापात पडत होता. हे माहीत असलेला माणूस गावात एकच, तो म्हणजे इनायत, आणि त्यानं ते दहा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

पावसाचं भांडं मुलाण्यांच्या परड्यात त्याच्या बापाच्या वेळेपासून होतं. चौफेर तारेचं कुंपण, मधे जमिनीत रोवलेलं जस्ताचं नळकांडं, वर नरसाळं. रोज सकाळी साडेआठला आत साठलेलं पाणी रेघा मारलेल्या काचेच्या ग्लासात ओतायचं, पाणी ज्या रेघेला टेकेल तो आकडा वहीत लिहायचा आणि महिन्याच्या शेवटी तक्ता पुण्याच्या हवामान ऑफिसला धाडायचा, एवढंच काम. बाप नूरमोहम्मद या कामाचा भलता अभिमानी. "ग्लास सांगंल त्येच लिवायचं. आपलं डोस्कं चालवायचं न्हाई," असं तो इनायतला बजावायचा. बासष्ट साली तो गेला आणि बाविशीतल्या इनायतच्या नावावर ते काम आलं. नेमणुकीच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की मोजणी नेमलेल्या माणसानंच करायची, घरातल्या दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. असा नियम लिहिणाऱ्याला घर कसं चालतं ते माहीत नसावं.

कारण इनायतला पिंपरीच्या एका कंपनीत मशीन शॉपला नोकरी लागली. पहिली शिफ्ट सातची. साडेआठला तो लेथवर वाकलेला असायचा आणि इकडे भांडं भरलेलं असायचं. मग पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात मोजणी त्याची आई करू लागली. खातूनबीला अक्षर येत नव्हतं, आकडा येत नव्हता. तिनं आपली रीत काढली. एक ग्लास काठोकाठ भरला की कोनाड्यात एक खडा ठेवायचा. शेवटच्या अर्ध्यामुर्ध्या ग्लासात पाणी जिथवर येईल तिथं बाहेरून काळा दोरा बांधायचा आणि मगच पाणी ओतून द्यायचं. दुपारी इनायत कामावरून आला की खडे मोजायचा, दोऱ्याखालची रेघ वाचायचा आणि वही भरायचा. तो दोरा केसभरही इकडेतिकडे होत नसे. शिकल्यासवरल्या माणसाच्या हातून झालं नसतं इतकं ते नेमकं काम होतं.

सत्तरच्या उन्हाळ्यात ऑफिसनं जुनं जस्ताचं भांडं काढून नवं, पांढरं, फायबरचं बसवलं. त्याचं तोंड जुन्यापेक्षा मोठं, म्हणून त्याचा ग्लासही निराळा, जाडजूड. मोठ्या तोंडात तेवढ्याच पावसाचं पाणी जास्त पडणार, तर ग्लासच्या रेघाही त्याच हिशेबानं आखलेल्या. जुनं भांडं कुणी परत मागितलं नाही. मुमताजनं, म्हणजे इनायतच्या नव्या नवरीनं, पुढच्या वर्षी लग्न होऊन आल्याआल्या त्याच्या नरसाळ्यात माती भरून कोथिंबीर लावली. जुना ग्लास ट्रंकेत फडक्यात बांधून पडला.

नवा ग्लास फुटला तो नऊ जुलै एकाहत्तर या दिवशी. इनायत पहिल्या शिफ्टवरून आला तेव्हा काचा सुपात गोळा करून ठेवल्या होत्या आणि खातूनबी उंबऱ्यावर बसली होती.

"माझ्याकडनं निसाटला रं," ती म्हणाली. "हात वले हुते."

इनायतचा राग म्हणजे रॉकेलच्या स्टोव्हचा भडका. विझायलाही वेळ लागत नसे, पण पेटलेला असताना समोर कोण आहे ते दिसत नसे. ग्लास फुटला तर ऑफिसला फॉर्म भरून पाठवावा लागे. त्यात रकाने होते: कधी फुटला, कुणाच्या हातून, कसा. आईचं नाव लिहिलं की बापाच्या वेळेपासूनचं काम जाणार. तो तोंडाला येईल ते बोलला. बोलता बोलता कोपऱ्यातल्या माठातून आईनं त्याच्यासाठी भरून आणलेला तांब्या त्यानं हातानं उडवला आणि म्हणाला, "ह्या हातचं पाणीसुदिक नगं मला आता."

खातूनबीनं तांब्या उचलून ठेवला. मुमताज चुलीपाशी खाली मान घालून बसली होती.

त्या दिवसापासून खातूनबीनं लेकाला पाणी दिलं नाही. रुसवा नव्हता, भांडण नव्हतं. ती जेवायला वाढे, विचारपूस करे, त्याच्या सदऱ्याची बटणं लावून ठेवी. फक्त त्यानं पाणी मागितलं की हळूच म्हणे, "मुमताज, त्येला पानी दे." इनायतला ते पहिल्याच दिवशी लागलं होतं. अम्मा, दे की तूच, एवढं म्हटलं असतं तर मिटलं असतं. पण तो म्हणाला नाही. आज म्हणू, उद्या म्हणू, करत राहिला. फॉर्मचंही तसंच केलं. तोवर ट्रंकेतला जुना ग्लास काढून त्यानं काम भागवलं आणि मशीनवरच्या भैरूशी शिफ्ट बदलून घेऊन मोजणी स्वतः केली.

अकराव्या दिवशी भैरूला गावी जायचं होतं, म्हणून इनायतला पहिली शिफ्ट करावी लागली. दहाच्या सुमाराला कंपनीच्या गेटवरून निरोप आला. तो सायकल मारत घरी पोचला तेव्हा खातूनबीचा जुना दमा उसळून तिचा जीव गेलेला होता. शेवटचे दोन घोट पाणी मुमताजनं पाजलं होतं.

दफन करून आल्यावर संध्याकाळी त्याचं लक्ष कोनाड्याकडे गेलं. दोन खडे होते. शेजारी जुना ग्लास, आणि त्याला काळा दोरा. त्या सकाळी डोक्यावर पोतं घेऊन पावसात जाऊन ती भांडं मोजून आली होती. लेकानं हातचं पाणी नको म्हटलं होतं, पण मोजायचं पाणी राहू द्यायला ती तयार नव्हती. इनायतनं वही काढली. शेचाळीस मिलिमीटर. आई मेली त्या दिवशीचा रकाना त्यानं शाई फिसकटू न देता भरला, आणि मग वहीवर डोकं ठेवून इतका रडला की मुमताज घाबरून शेजाऱ्यांना बोलवायला निघाली. दुसऱ्या दिवशी तो दोरा त्याला सोडावाच लागला, कारण पाऊस पडला होता.

त्यानंतर फॉर्म भरायचं नावच राहिलं नाही. फॉर्म भरायचा म्हणजे 'कुणाच्या हातून' या रकान्यात खातूनबी नूरमोहम्मद मुलाणी असं लिहायचं. मेलेल्या आईच्या नावावर चूक मांडायची आणि ती स्वतःच्या सहीनं पुण्याला पाठवायची. हात धजेना. नव्या भांड्यातलं पाणी जुन्या ग्लासात ओतलं की आकडा फुगतो हे त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. आधी त्यानं अंदाजानं तिसरा हिस्सा कमी करून लिहून पाहिलं. पण बापाचं म्हणणं कानात होतं, आपलं डोस्कं चालवायचं न्हाई. मग ग्लास सांगेल ते लिहीत गेला. मी कुठं खोटं लिहितोय, ग्लास सांगतोय तेच लिहितोय, असं तो स्वतःला समजावी. माणूस स्वतःला काय काय समजावू शकतो याला सुमार नाही.

आणि अम्मा गेली नाही. परड्यात कुंपणाशी उभी राहिली. इनायत नरसाळं उचलून आतली पाण्याची बाटली काढायला वाकला की मागून तिचा खोकला येई. दोनदा कोरडा आणि मग एकदा ओढून, दमेकऱ्याचा. तो वळून पाहत नसे. वळला आणि कुणी नसलं तर काय, आणि असलं तर काय, दोन्हींची त्याला सारखीच भीती होती. पाऊस नसलेल्या दिवशी खोकला येत नसे. ज्या दिवशी काचेत पाणी पडे, म्हणजे ज्या दिवशी वहीत खोटं चढे, त्याच दिवशी येई. कंपनीत त्यानं कायमची दुसरी शिफ्ट मागून घेतली, सकाळची मोजणी दुसऱ्या कुणाकडे जाऊ नये म्हणून. लोक म्हणाले, येडा आहे, दुसरी शिफ्ट कुणी मागून घेतं का राव?

घरात आणखी एक गोष्ट झाली. तो कुणाच्याच हातचं पाणी घेईना. जेवताना तहान लागली तर ताटावरून उठे, माठाशी जाई, स्वतः ओतून घेई. मुमताज तांब्या घेऊन आली तरी तो हात पुढं करत नसे. त्याला वाटे, ज्यानं आईच्या हातचं पाणी नाकारलं त्याला दुसऱ्या कुणी पाणी द्यावं हे बरं नाही. हे त्यानं बायकोला कधी सांगितलं नाही. तीही विचारत नसे. तांब्या ती त्याच्या ताटाजवळ रोज ठेवी आणि रोज भरलेलाच उचलून नेई. त्यांना पुढं दोन लेकरं झाली, सगळा संसार नीट चालला, पण त्या तांब्याविषयी दोघांमध्ये एक अक्षर निघालं नाही.

मधल्या वर्षांत शिवार बदललं. ज्वारीची पट्टी गेली, पत्र्याच्या शेडी आल्या, लातूर-उस्मानाबादकडची बिऱ्हाडं खोल्या करून राहिली. चौऱ्याहत्तरला ऑफिसचा एक इन्स्पेक्टर येऊन गेला. त्यानं कुंपण पाहिलं, भांडं ओळंब्यात आहे का ते पाहिलं, ग्लास मागितला. "बायको म्हायेरी गेलीय, ट्रंकेची किल्ली तिच्यासंगं गेली," इनायतनं ठोकून दिलं. इन्स्पेक्टरला शेवटची बस गाठायची होती. 'सर्व ठीक' असा शेरा मारून तो गेला. घरात भाकऱ्या थापणाऱ्या मुमताजनं हे सगळं ऐकलं होतं.

एक्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये, सकाळी आठ वाजता, परड्यासमोर एक स्कूटर थांबली. चाळिशीच्या आतला, जाड चष्म्याचा माणूस उतरला. ज्योतीराम नाव, मूळचा बीडकडचा, पुण्यात संशोधनाला होता. खांद्याच्या पिशवीत कागदांची ही भेंडोळी.

"मुलाणीसाहेब तुम्हीच ना? तुम्हाला बघायचंच होतं मला," तो म्हणाला. "एकोणीस वर्षांत एक दिवस चुकला नाही तुमचा. असा माणूस माझ्या यादीत दुसरा नाही."

इनायतला साहेब कुणी म्हणत नसे. साडेआठला त्यानं पाहुण्यासमोरच मोजणी केली. ग्लास पाहुण्याच्या नाकासमोर धरला होता, पण ज्योतीराम आभाळातल्या यंत्रांचा माणूस, ग्लासाग्लासातला फरक त्याला काय कळणार? अडतीस आकडा त्यानं कौतुकानं टिपून घेतला. खोकला त्या दिवशी अगदी कानाजवळून आला.

नंतर ओट्यावर चहा पिताना ज्योतीरामनं कागद पसरले. त्याला समजावून सांगायची हौस होती. आभाळात वरून उपग्रह फिरतात. प्रत्येक वस्तूतून तिच्या उष्णतेप्रमाणे अगदी मंद लहरी निघतात, डोळ्याला न दिसणाऱ्या, त्या हे उपग्रह टिपतात. त्यांना मायक्रोवेव्ह म्हणतात. समुद्र त्या लहरींत थंड दिसतो, म्हणून त्याच्यावरचा पाऊस उठून दिसतो. जमीन मुळातच उबदार, तिच्यावर पाऊस हरवून जातो. पण मोठ्या ढगाच्या माथ्यावर गारा असतात, बर्फ असतं, ते खालून येणाऱ्या लहरी उधळून लावतं, आणि तेवढाच डाग वरून गार दिसतो.

"डाग किती गार आहे तेवढं कळतं," तो म्हणाला. "पण त्या गारपणाचे मिलिमीटर किती, ते उपग्रह सांगत नाही. ते तुम्ही सांगता. जमिनीवरचं भांडं खरं धरायचं आणि उपग्रहाला त्यावरून शिकवायचं."

"आमचं भांडं खरं धरायचं?"

"तुमचं सगळ्यात जास्त. हे बघा, एकोणऐंशीच्या ऑगस्टचा दिवस. तुमच्याकडे त्रेसष्ट. माझं गणित येतं चाळीस. प्रत्येक वेळी असंच, उपग्रह कमी पडतो. बाकीची भांडी मधूनमधून बंद असतात, त्यांच्यावर विसंबता येत नाही. म्हणून मी आता सूत्रच वाढवून घेणार आहे, तुमच्या आकड्याला जुळेल असं. एकदा ते बसलं की जिथं भांडं नाही, माणूस नाही, तिथलंही मोजता येईल. जंगलातला पाऊस. पुढेमागे हिमालयातलं बर्फसुद्धा."

इनायत कागदाकडे पाहत राहिला. आतापर्यंत त्याचं खोटं चिखलीपुरतं होतं. एखादं जोतं दोन फूट वर गेलं, एवढाच त्याचा त्रास. आता ते आभाळात चढणार होतं आणि त्यानं कधी न पाहिलेल्या मुलखांवर दीडपट होऊन पडणार होतं. अम्मा प्रत्येक ठिकाणी खोकत उभी राहणार होती. गप्प बसला तर काम राहत होतं, नाव राहत होतं, एकोणीस वर्षांची अब्रू राहत होती. समोरचा माणूस तर त्याला सगळ्यात खरा समजून बसला होता. ज्योतीराम कागद गुंडाळायला लागला, चपला घालायला लागला.

"साहेब," इनायत म्हणाला. "ह्यो ग्लास ह्या भांड्याचा न्हाई."

ज्योतीरामला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला, मग चिडला, आणि मग एकदम तो उठून परड्यात धावला. खिशातली पट्टी काढून त्यानं नव्या भांड्याचं तोंड मोजलं, इनायतनं दाखवलेल्या जुन्या नरसाळ्याचं तोंड कोथिंबिरीतून मोजलं. सोळा सेंटिमीटर आणि बारा पॉइंट सात. ओट्यावर येऊन त्यानं भराभरा गुणाकार-भागाकार केले. तोंडाचं क्षेत्रफळ दीडपटीहून जरा जास्त. त्रेसष्टला भागलं, तर आले एकोणचाळीस पॉइंट सात.

"आणि उपग्रह म्हणतो चाळीस!" तो ओरडलाच. सगळे दिवस इतके नेमके जुळले नाहीत, पण बरेच जुळले. आपलं यंत्र खोटं नव्हतं या आनंदात त्याला समोरच्या माणसाचं तोंड दिसेना. शास्त्रज्ञाला तेवढं माफ करायला हवं. "मुलाणीसाहेब, अहो मग वाया काहीच गेलेलं नाही. कुठल्या दिवसापासून हा ग्लास वापरताय तेवढं पक्कं सांगा, त्यापुढचे सगळे आकडे भागून घेतो. आठवतं का?"

"नऊ जुलै एकाहत्तर."

"इतकं पक्कं?" त्यानं लिहून घेतलं. मग पेन घुटमळलं. "हे ऑफिसलाही कळवावं लागेल. तुमच्या सहीनं. ते विचारणार, कसा फुटला, कुणाच्या हातून. तुमचं काम बहुधा राहणार नाही, हे मी आधीच सांगतो."

"काम जाऊ द्या," इनायत म्हणाला. "कुणाच्या हातनं म्हंजे... माझी अम्मा..."

कपबश्या उचलून आत निघालेली मुमताज दारात थांबली होती. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"अम्मानं न्हाई फोडला," ती म्हणाली. "मी फोडला."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. ती इनायतकडे न बघता जमिनीकडे बघून बोलत होती, पाठ केलेलं म्हणावं तसं भराभर. त्या सकाळी खातूनबीच्या हाताला कळ लागली होती म्हणून भांडं मोजायला ती गेली होती. ग्लास तिच्या हातून दगडावर पडला. ती रडायला लागली, तेव्हा सासूनं काचा सुपात भरल्या आणि तिला गप्प राहायची शपथ घातली.

"मनल्या, तू तीन म्हयन्याची नवी नवरी. तुझ्यावर वरडला तर तुझ्या मनात कायमचं बसंल. मी त्येची आई हाय. माझ्यावरचा राग त्येचा चार दिस बी टिकायचा न्हाई."



"मला वाटलं, त्या गेल्यावर तुमाला कळलंय," मुमताज म्हणाली. "धा वर्सं तुमी माझ्या हातचं पानी घेतलं न्हाई. म्या समजले, कळलंय आन् त्येचीच शिक्षा हाय. म्हून कवा इचारलं न्हाई."

चार दिवस, असं अम्मानं धरलं होतं. त्यानं दहा दिवस काढले, आणि अकराव्याला ती गेली. आईनं त्याला किती ओळखलं होतं, आणि त्यानं ती ओळख खोटी पाडली होती. त्याला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं कुणावर? समोर बायको थरथरत उभी होती, दहा वर्षं रोज एक भरलेला तांब्या परत उचलून नेणारी. तो उठला, तिच्याजवळ गेला आणि तिच्या हातातल्या कपबश्या त्यानं काढून घेतल्या, कारण त्या आता पडणार होत्या.

ज्योतीराम खाली कागदाकडे बघत होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "मग वहिनींचं नाव लिहू?"

"न्हाई," इनायत म्हणाला. "अम्मानं जे झाकलं, ते मी कागदावर उघडं पाडनार न्हाई. तारीख खरी हाय, तेवढी नीट लिवा. आन् नाव माझं लिवा."